पैसे तयार असताना रांग कशाची?

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि कॉलेजच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवते. सध्या तिच्याकडे चार वर्षांपूर्वी घेतलेलं साधं वाद्य आहे. तिच्या आजीने नातीसाठी म्हणून रक्कम बाजूला काढली आणि आता चांगली गिटार घ्यायची असं घरात ठरलं. पण तिला हवी असलेली गिटार दुकानात मिळत नाही. नाव नोंदवायचं आणि थांबायचं. किती, तर ‘वर्ष धरून चाला, जास्तही लागेल.’ एका लाकडी फळीला चार तारा लावायला एवढा वेळ का लागावा? कारखान्याला एक पाळी वाढवता येत नाही का? की माल अडवून भाव चढवायचा हा प्रकार आहे? दुसरी गोष्ट, मी नाट्यसंगीत ऐकत वाढलेला माणूस. गाण्यात बेस मला वेगळा ऐकूच येत नाही. इतकं थांबून आलेल्या वाद्यात चांगलं काय आहे, ते माझ्यासारख्याला कळेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. पण आजींचे पैसे ताटकळले आहेत, म्हणून आधी रांगेचं बघू.

तुम्ही सांगलीचे, मिरज हाकेच्या अंतरावर, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो. काही वर्षांपूर्वी आईसाठी तंबोरा करून घ्यायला मी मिरजेला गेलो होतो. जून संपत आला होता. कारागिरांनी भोपळा दाखवला, दांडी दाखवली आणि म्हणाले, “दिवाळी होऊ द्या, मग न्या.” लाखेचं पॉलिश भर पावसाळ्यात चढवलं तर हवेतली ओल त्यात शिरते आणि ते पांढरट पडतं. दिवाळीनंतर गेलो तेव्हा जवारी लावताना त्यांनी मला समोर बसवून घेतलं. घोडीवर कानस फिरवायची, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा कानस. मध्येच वीज गेली. त्यांचा हात थांबला नाही, कारण त्या कामाला डोळे लागतच नव्हते. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला तो अंधारातला आवाज आठवला.

जिच्यासाठी रांग लागते ती बेस गिटार याच जातीची असते. पण सगळ्या चांगल्या बेस गिटारी या जातीच्या नसतात, आणि तुमच्या शंकेत तथ्य आहे ते इथे.

आज आपण ओळखतो ती बेस गिटार १९५१ साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडरने बाजारात आणली. मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा हा माणूस स्वतः गिटार वाजवत नसे. तोवर बँडमध्ये खर्जाचं काम करायचं ते माणसाएवढं उंच डबल बास. ते गाडीत मावत नसे, आणि ढोलाच्या शेजारी ऐकू येत नसे. फेंडरने ते काम गळ्यात अडकवता येईल अशा फळीवर आणलं. सतारीला असतात तसे पडदे दांडीवर बसवले, म्हणजे सूर नेमका लागतो. म्हणून तिचं नाव प्रिसिजन बेस. आणि तिची दांडी त्याने बॉडीला चार स्क्रूंनी जोडली. या चार स्क्रूंत त्याची सारी हुशारी आहे. दांड्या एकीकडे बनतात, बॉडी दुसरीकडे, शेवटी दोन्हींची गाठ पडते. एखादी दांडी बिघडली तर ती बाजूला टाकून दुसरी लावता येते. म्हणजे हे वाद्य जन्मापासून कारखान्यात भराभर बनावं असंच आखलेलं आहे, आणि तरीही ते उत्तम आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा म्हणजे जेम्स जेमरसन. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीची कितीतरी गाणी या माणसाच्या बेसवर उभी आहेत. त्याच्याकडे १९६२ सालची, दुकानातून कुणालाही घेता आली असती अशी प्रिसिजन होती. तारा तुटल्याशिवाय तो बदलत नसे, आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा. त्या वाद्यासाठी त्याला कुठल्याही यादीत नाव घालावं लागलं नव्हतं. १९८३ मध्ये तो गेला. त्याच्या थोडे दिवस आधी ती गिटार चोरीला गेली, ती आजवर सापडलेली नाही. मुलीला हे जरूर सांगा. रांगेतलं वाद्य म्हणजेच चांगलं वाद्य, असं तिच्या मनात बसलं असेल तर ते काढून टाकायला हवं.

मग पाळी वाढवून काय बिघडतं? त्याचंही उदाहरण फेंडरचंच आहे. प्रकृतीच्या कुरबुरींनी त्रासलेल्या लिओने कंपनी विकायला काढली आणि जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या बड्या प्रसारण कंपनीने ती १ कोटी ३० लाख डॉलरला घेतली. उत्पादन झपाट्याने वाढवण्यात आलं. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ‘जॅझ बेस’ या फेंडरच्याच दुसऱ्या बेसच्या दांडीला चाराऐवजी तीन स्क्रू आले. दांडी आणि बॉडी यांच्यामधली खाच सैल कापली गेलेली वाद्यं बाहेर पडू लागली. दांडी किंचित सरकली की तार पडद्यावरून बाहेर घसरायची. त्या काळातलं प्रत्येक वाद्य वाईट होतं असं नाही. काही फार सुंदर आहेत. पण वादकांचा भरवसा उडाला आणि ‘सीबीएसच्या आधीची’ हे शब्द गिटारच्या बाजारात सोन्याच्या हॉलमार्कसारखे वापरले जाऊ लागले. १९८५ मध्ये कंपनीतल्याच लोकांनी ती परत विकत घेतली, तेव्हा कुठे घडी बसायला लागली. एक पाळी वाढवण्याची किंमत वीस वर्षं चुकती होत राहिली.

आता रांगेकडे. मुलीच्या मनात नेमकी कोणती गिटार आहे ते पत्रात नाही. पण रांग लागते अशी नावं फार नाहीत. कॅलिफोर्नियाची रिकनबॅकर, इंग्लंडची वाल, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनची फोडेरा, पुन्हा कॅलिफोर्नियाचीच अलेंबिक. शिवाय एकेकट्याने काम करणारे कारागीर जगभर आहेत. प्रत्येकाच्या रांगेचं कारण थोडं वेगळं, आणि ते वेगळेपण समजून घेण्यासारखं आहे.

रिकनबॅकरने १९५७ मध्ये पहिली बेस काढली. आखणी रॉजर रोसमाइझल या जर्मन कारागिराची. चंद्रकोरीसारखी वळलेली शिंगं आणि समुद्राच्या लाटेसारखं शिर, असं ते रूप त्याचं. त्याने फेंडरची चार स्क्रूंची युक्ती घेतलीच नाही. शिरापासून पार शेपटापर्यंत मेपलचा एकच लांब दांडा जातो आणि बॉडीचे दोन पंख त्याला दोन्ही बाजूंनी चिकटवलेले असतात. तारेची दोन्ही टोकं एकाच लाकडात. त्यामुळे वाद्याला एक कणखर, लांबत जाणारा, घंटेसारखा सूर मिळतो. पण कारखान्याच्या दृष्टीने याचा अर्थ काय होतो बघा : दांडीत दोष निघाला तर ती बदलता येत नाही, आख्खं वाद्य जातं. आणि दांडीतला दोष ताबडतोब दिसत नाही.

कारण दांडीवरचा भार. बेसच्या चार तारा मिळून दांडीला मोजून सत्तर-ऐंशी किलोंनी ओढतात. घरातल्या एका जाडजूड माणसाने त्या दांडीला रात्रंदिवस लोंबकळावं, वर्षानुवर्षं, तसा हा ताण. आणि एवढं सोसून तिने केसभरच वाकायचं असतं, तेही ठरलेल्या बाजूला. लाकूड पुरतं वाळलेलं नसेल तर हा हिशेब चुकतो. उघड्यावर लाकूड वाळवणाऱ्यांचा जुना अदमास असा, की एक इंच जाडीला एक वर्ष. भट्टीत ते काही आठवड्यांत वाळतं, आणि आज बहुतेक जण भट्टीचंच लाकूड घेतात. पण वाळलेलं लाकूड कापलं की आतला ताण मोकळा होतो आणि ते पुन्हा हलतं. म्हणून जाणता कारागीर दांडी एका बैठकीत कोरत नाही. थोडी कोरायची, टांगून ठेवायची, काही आठवड्यांनी बघायची. वाकली असेल तर पुन्हा सरळ करायची, पुन्हा टांगायची. दांडीच्या पोटात ट्रस रॉड नावाची पोलादी सळई असते. ती पिळून वाक कमीजास्त करता येतो. पण पीळ पडलेली दांडी कोणतीही सळई सरळ करू शकत नाही. अलेंबिक आणि फोडेरा यांच्या दांड्या बऱ्याचदा तीन, पाच किंवा त्याहून जास्त पट्ट्या एकमेकींना उलटसुलट चिकटवून केलेल्या असतात, म्हणजे एकीची ओढ दुसरी अडवते. दिसायला त्या रेघा दागिन्यासारख्या दिसतात, पण त्यांचं काम तुळईचं आहे.

रंगाचंही तसंच. नायट्रोसेल्युलोज लॅकरचे पातळ हात एकावर एक द्यायचे, मध्ये घासायचं, आणि शेवटच्या हातानंतर ते पुरतं कडक व्हायला आठवडे द्यायचे. घाईने घासलेलं लॅकर पुढे बसतं आणि त्यातून लाकडाच्या रेषा वर येतात. मिरजेच्या ‘दिवाळी होऊ द्या’चाच हा तिकडचा अवतार.

म्हणजे काही महिने लाकूड आणि रंग खातात. उरलेला काळ माणसांचा आहे. रिकनबॅकरचं घ्या. एफ. सी. हॉल यांनी १९५३ मध्ये ही कंपनी घेतली. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स अमेरिकेच्या टीव्हीवर दिसले, जॉन लेननच्या हातात रिकनबॅकर होती, आणि मागणी एकदम उसळली. पॉल मॅकार्टनी डावखुरा; १९६५ मध्ये त्याच्यासाठी डावी बेस आली आणि पुढच्या बीटल्सच्या रेकॉर्डिंगमध्ये ती भरपूर वाजली. अशा वेळी दुसऱ्या कुणीही परदेशात स्वस्त मजुरीचा कारखाना टाकला असता. इतर नामांकित कंपन्यांनी पुढे ते केलंच. आधी जपान, मग कोरिया, मेक्सिको, इंडोनेशिया. हॉल कुटुंबाने केलं नाही. पुढे मुलगा जॉन हॉल याच्या हाती कारभार आला तरीही नाही. प्रत्येक वाद्य कॅलिफोर्नियातल्या सँटा ॲनामध्येच बनतं. स्वस्तातली दुय्यम मालिका नाही. तेव्हा रांग आपोआप लागते. नळ एकच असेल तर हंड्यांची रांग लागणारच. माल अडवण्याचा यात प्रश्न येत नाही. तयार झालेली वाद्यं गोदामात पडून नसतातच.

वालची गोष्ट याहून हळवी आहे. इयन वॉलर आणि पीट स्टीव्हन्स हे दोन इंग्रज. सत्तरच्या दशकात त्यांनी हाय विकम गावात काम उभं केलं. खुर्च्या बनवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध असलेलं ते गाव. लाकडाची समज तिथल्या हवेतच. वालची खरी ओळख मात्र लाकडाखाली दडलेल्या विजेच्या कामात आहे. पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. केसाइतकी बारीक, आणि तिचे हजारो वेढे. साधारण पिकअपमध्ये चारही तारांना मिळून एक-दोन वेटोळी असतात. वालमध्ये प्रत्येक तारेला तिची स्वतंत्र वेटोळी. शिवाय सुरातला तीव्र भाग कापता कापता एका ठिकाणी तो किंचित उंचावणारी त्यांची स्वतःची फिल्टरची रचना. त्यामुळे या बेसला एक ‘आ-ऊ’ असा मनुष्याच्या गळ्यासारखा स्वर येतो. १९८८ मध्ये वॉलर अकाली गेले. स्टीव्हन्स यांनी जवळजवळ एकट्याने काम ओढलं, आणि पुढे त्यांच्याकडे काम केलेल्या पॉल हर्मन यांनी ते हाती घेतलं. दोन-तीन माणसांच्या हातून वर्षाला किती वाद्यं होणार? इथे रांग महिन्यांत मोजत नाहीत.

फोडेराकडे आणखी एक प्रकार. विनी फोडेरा आणि जोई लॉरिसेला यांनी १९८३ मध्ये ब्रुकलिनमध्ये काम सुरू केलं. विक्टर वूटेन हा आजचा मोठा वादक त्याच वर्षी घेतलेल्या फोडेरावर वाढला. पण मला जास्त भावते ती अँथनी जॅक्सनची कथा. चार तारांऐवजी सहा तारांची बेस हवी, खाली आणखी खर्जात जाणारी आणि वर आणखी चढणारी, हे त्याच्या डोक्यात होतं. १९७५ मध्ये कार्ल थॉम्पसन या कारागिराने त्याला पहिली करून दिली. ती मनासारखी नव्हती. मग केन स्मिथकडून केली. मग फोडेराकडून, आणि तिथेही एकामागून एक, तारांमधलं अंतर बदलत, दांडीची लांबी बदलत. वादक आणि कारागीर दोघेही वाट बघत होते, फक्त एकमेकांची नाही, तर अजून जगात नसलेल्या एका वाद्याची. आज सहा तारांची बेस कुठल्याही मोठ्या दुकानात भिंतीवर दिसते. तिच्यामागे ही इतक्या वर्षांची धडपड आहे.

आता तुमच्या शंकेतलं दुसरं तथ्य. टंचाई कारखाना करत नसला, तरी टंचाईवर जगणारे लोक असतात. यादीत नाव घालून गिटार घ्यायची, पेटीतून बाहेरही काढायची नाही, आणि रांगेत थांबायची तयारी नसलेल्याला चढ्या भावाने विकायची. असं वाद्य घेऊ नका. कायद्याने त्यात गैर काही नसेल, पण न वाजवता एका हातातून दुसऱ्या हातात फिरणारं वाद्य हे मला मन:पूर्वक नकोसं वाटतं; ज्याने ती दांडी महिनोन्‌महिने टांगून ठेवली त्याचा तो अपमान आहे. नकली माल हा त्याहून मोठा धोका. लाटेच्या आकाराच्या शिराच्या हुबेहूब नकला भरपूर फिरतात, आणि रिकनबॅकर त्यांच्या मागे कोर्टाचा ससेमिरा लावण्यासाठी प्रसिद्ध आहे. ‘रांग नको, लगेच देतो, निम्म्या भावात’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा.

आणि लाकडाबद्दल एक सूचना. दांडीवर बोटं फिरतात त्या फळीसाठी जगभर शिसवी वापरतात, आणि त्यात आपल्या पश्चिम घाटातल्या शिसवीला मोठा मान आहे. २०१७ च्या जानेवारीत शिसवीच्या साऱ्या जाती आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या निर्बंधांखाली आल्या आणि गिटारी सीमेवर परवान्यांत अडकू लागल्या. कित्येक कंपन्यांनी दुसरं लाकूड धरलं. २०१९ च्या अखेरीस तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. तरी परदेशातून मागवताना बिलावर लाकडाचं नाव स्पष्ट लिहून घ्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, ज्याच्यासाठी मी घाईने इथवर आलो.

बेस ऐकू येत नाही यात तुमच्या कानाचा दोष बहुधा नाहीच. बेसची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ कंपनांनी वाजते. मोबाइलचा स्पीकर एवढ्या खाली पोचूच शकत नाही. तिथे आपल्याला त्या स्वराचे वरचे स्वरांश तेवढे ऐकू येतात आणि मूळचा स्वर मेंदू स्वतः जुळवून घेतो. तेव्हा आधी चांगला हेडफोन घ्या, किंवा मुलगी घरी येईल तेव्हा तिच्या ॲम्पसमोर बसा. तिला खालची तार मोकळी छेडायला सांगा आणि हात टेबलावर ठेवा.

शिवाय तुम्ही नाट्यसंगीत ऐकत वाढलात, म्हणजे ऑर्गनच्या खालच्या पट्ट्या आणि तंबोऱ्याची खर्जाची तार तुमच्या कानात मुरलेली आहे. तंबोरा चालू असताना आपण त्याच्याकडे लक्ष देत नाही. तो थांबला की मात्र गाणं उघडं पडतं. बेसचं निम्मं काम हेच आहे. उरलेलं निम्मं तालाचं : तबल्याचा डग्गा जिथे घुमतो त्या जागा धरायच्या. खर्ज आणि डग्गा एकाच माणसाच्या हाती दिले की बेस होतो. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यात टोनी वाझ बेस वाजवत असत. ती गाणी तुम्ही हजारदा ऐकली असतील. आता एकदा फक्त खालची रेघ धरून ऐका. गायकाकडे लक्ष जाईल, ते परत खाली आणा. दोन-तीन दिवसांत ती रेघ आपोआप सुटी होते.

मग वाद्य-वाद्यातला फरक. एक खूण अशी आहे की जी फक्त आपल्या देशातल्या श्रोत्याला चटकन कळावी. पडदे नसलेली बेस असते, सरोदेसारखी सपाट. तिच्यावर तार दाबली की ती लाकडाला पुढे जाता जाता अगदी हलके घासत राहते, आणि त्या घासण्यातून स्वर उमलल्यासारखा येतो. आधी मिटलेला, मग उघडणारा. पाश्चात्त्य वादक त्याला ‘म्वाह’ म्हणतात, त्यांच्याकडे दुसरा शब्दच नाही. आपल्याकडे आहे. ती जवारी आहे. घोडीवर तार जशी हलके घासते, तशी ती इथे दांडीवर घासते, तत्त्व तेच. फळी कुठे तिळभर उंच राहिली तर स्वर खरखरतो, खोल गेली तर मिटलेलाच राहतो. मिरजेचे कारागीर कानस घेऊन जे शोधत होते तेच हे. ऐकायचं असेल तर जपान या इंग्रजी बँडची १९८१ ची ‘टिन ड्रम’ ही तबकडी काढा. मिक कार्न पडदे नसलेली वाल वाजवतो. पहिल्या मिनिटात तुम्हाला तंबोरा आठवला नाही तर मला पुन्हा पत्र लिहा.

रिकनबॅकरसाठी ख्रिस स्क्वायर ऐका, ‘यस’ या बँडचा. १९७१ च्या ‘राउंडअबाउट’मध्ये बेस खाली बसत नाही, ती गाणं खेचून नेते. त्याचं वाद्य त्याने १९६५ मध्ये लंडनमधल्या वाद्यांच्या दुकानात नोकरी करताना घेतलं होतं. हौशीने त्यावर नक्षीचे कागद डकवले, ते खरवडले, पुन्हा रंगवलं, पुन्हा घासलं. लाकूड झिजून बॉडी सडपातळ झाली. २०१५ मध्ये तो जाईपर्यंत तेच वाद्य त्याच्या गळ्यात होतं.

एक परीक्षा मात्र हातात वाद्य आल्यावर घरीच करता येते आणि तिला संगीताचं शिक्षण लागत नाही. सर्वांत बारीक तारेवर मुलीला एकेक पडदा चढत जायला सांगा, प्रत्येक स्वर सारख्याच जोराने, आणि तो विझेपर्यंत थांबायचं. बऱ्याच बेसवर पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास एक स्वर असा असतो की तो बाकीच्यांच्या निम्म्यात मरतो. त्या कंपनसंख्येला दांडी स्वतःच थरथरू लागते आणि तारेची ताकद पिऊन टाकते. नामवंत वाद्यांतही ही मेलेली जागा सापडते. पट्ट्या चिकटवून केलेली, टांगून टांगून कोरलेली ताठ दांडी तिला पुष्कळ अंशी आवर घालते. लाकडामुळे विजेच्या वाद्याचा आवाज किती बदलतो यावर वादक तासन्‌तास भांडतात. माझं मत असं की आवाजाचा मोठा वाटा पिकअपचा, तारांचा आणि बोटांचा. लाकडाचं मोठेपण ऐकायचं तर ते स्वर किती टिकतो आणि वाद्य किती वर्षं सरळ राहतं यात ऐकावं. तुम्ही ज्यासाठी थांबणार आहात ते बहुतांशी हे आहे.

नाव नोंदवायचंच ठरलं तर आगाऊ रक्कम परत मिळते की नाही ते लिहून घ्या. मुलीला त्या जातीची गिटार कुठेतरी तासभर गळ्यात अडकवून उभी राहू द्या. चार-साडेचार किलो वजन आहे, आणि खांदा तिचा आहे. मधल्या काळात आहे त्या गिटारीला हात लावू नये असं होता कामा नये. चांगल्या कारागिराकडून तिची दांडी, तारांची उंची, पडदे नीट करून घ्या आणि नव्या तारा चढवा. थोडक्या पैशांत ती इतकी बदलेल की मुलगी कदाचित यादीतलं नाव काढूनही टाकेल. तसं झालं तर मला त्याचं जराही वाईट वाटणार नाही.

आणि वाद्य पावसाळ्यात येऊन पोचलं, तर पेटी त्याच दिवशी उघडू नका. विमानाच्या कोरड्या थंड पोटातून ते सांगलीच्या जुलैत आलेलं असेल. घराच्या आतल्या खोलीत, भिंतीपासून दूर, एक दिवस तसंच बंद ठेवा. मग उघडा, तारा सुरात आणा, आणि आणखी आठवडाभर ट्रस रॉडला हात लावू नका. तोवर दांडी नव्या हवेत आपली जागा शोधत असते. आजींना मात्र पहिल्याच दिवशी बोलवा, आणि पहिली तार त्यांनाच छेडू द्या.